तीर्थाबरोबरची गोळी

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी माझी बायको देवासमोर बसली होती. तिने घंटा खाली ठेवली आणि छाती धरली. शेजाऱ्यांनी गाडी काढली. आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक आहे.

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. या दीड वर्षात तिच्या हृदयाबद्दल मला जितकं सांगितलं गेलं तितकं आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला होता. रक्त पुढे ढकलायची ताकद कमी झाली होती. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. चुकली तर पायांवर सूज येईल, छातीत पाणी होईल. रक्त पातळ करायची गोळी मात्र दोनदा घ्यायची नाही, त्यात वेगळा धोका. हे सगळं डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं आणि तिने अशा हुशार चेहऱ्याने मान डोलवली की त्यांचा विश्वास बसला. माझाही बसला.

विश्वास बसायला कारण होतं. इथे हिंदी मुलखात, आमच्या नया बाज़ारातल्या गल्लीपासून पार जयेंद्रगंजपर्यंत जी मराठी घरं उरली आहेत, त्यांच्या तिथी तिच्या डोक्यात होत्या. कुणाचे सासरे कोणत्या पक्षात गेले, कुणाच्या आईचं श्राद्ध कधी, हे ती फोनवर भाजी चिरता चिरता सांगायची. इथे ही गोष्ट दिसते तेवढी सोपी नाही. आमचे महिने अमावास्येला संपतात, इथल्या हिंदी लोकांचे पौर्णिमेला. म्हणजे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच, पण वद्य पक्ष लागला की ते आमच्या एक महिना पुढे. आमचा माघ वद्य म्हणजे त्यांचा फाल्गुन. ज्या घरात किराणा दुकानदाराने दिलेलं हिंदी कॅलेंडर टांगलेलं असतं, त्या घरात दर वद्य पक्षात गोंधळ होतो आणि लोक आमच्याकडे फोन करतात. ती हिंदी कॅलेंडर बघूनही मनातल्या मनात आमचा महिना लावायची. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण सनावळ्यांसाठी मला कागद लागायचा. तिला नाही. आणि हे ती मला विसरू द्यायची नाही.

"प्रोफेसर आहात ना? मग सांगा, आपल्या आईंची तिथी?"

"माघ वद्य अष्टमी."

"वा. कुणी पढवलं?"

असं आमचं चालायचं.

दवाखान्यातून आल्यावर दसऱ्यापर्यंत सगळं ठीक वाटलं. मग मी विचारायला लागलो, गोळी घेतलीस का, आणि ती म्हणायला लागली, घेतली. घेतलेली नसायची. किंवा सकाळची आणि रात्रीची दोन्ही सकाळीच घेतलेली असायची. मी गोळ्यांची पाकिटं उघडून बघायला लागलो, तर तिने ती डाळीच्या डब्यामागे ठेवायला सुरुवात केली. कुठे ठेवली हेही विसरायची, आणि मग मीच लपवली म्हणून माझ्यावर आळ.

"तुम्ही काय पोलीस आहात का? घेतली म्हटलं ना."

"अगं, पण पाकीट भरलेलं आहे."

"मग नवीन असेल ते. प्रत्येक गोष्टीत शक. ऐकत तर नाहीच."

दिवाळीच्या सुमारास तिचे पाय इतके सुजले की जोडवी बोटांत रुतली. सोनाराला घरी बोलवून ती कापून काढावी लागली. ती ओरडत होती ती दुखलं म्हणून नाही. जोडवी कापली म्हणून. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया. हृदयाच्या डॉक्टरांना मी म्हटलं, ती गोळ्या विसरते. ते रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले, "याददाश्त का हमसे मत पूछिए, उसके डॉक्टर ऊपर बैठते हैं."

वरच बसत होते. त्याच इमारतीत, एक जिना चढून. त्यांच्याकडे गेलो तर ते म्हणाले, आधी हृदय स्थिर होऊ द्या, मग बघू, खाली विचारून या. मी खाली आलो. खालचे म्हणाले, आमच्याकडून ठीक आहे, वर दाखवा. तिला प्रत्येक पायरीवर धाप लागत होती आणि लिफ्टवर कागद चिकटवलेला होता, बंद आहे. दोन शिकलेली माणसं एकाच बाईच्या एकाच शरीराबद्दल बोलत होती आणि त्यांच्यातला निरोप्या मी होतो. त्यांच्या हातांत फोन होते. पण एकमेकांना फोन करावा असं त्यांना वाटलं नाही, आणि तो करा असं मला म्हणता आलं नाही. मी तसा कमी बोलणारा माणूस आहे. त्या जिन्यावर मला त्याची मनापासून चीड आली.

शेवटी वरच्यांनी तपासलं. आमची मुलगी बँकेतून अर्धी सुट्टी घेऊन आली होती. ती इथेच वाढली, इथेच तिचं सासर, त्यामुळे तिचं मराठी वाक्य मराठीत सुरू होतं आणि कुठे संपेल सांगता येत नाही. डॉक्टरांनी बायकोला तीन शब्द सांगितले, ते लक्षात ठेवायला सांगितलं, आणि विचारलं, "माताजी, कौन सा महीना चल रहा है?"

"कार्तिक," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. "चलिए, हिंदी महीना ही सही. लेकिन अब तो अगहन लग गया, माताजी."

"आपके यहाँ लग गया होगा," ती ताठ बसून म्हणाली. "हमारे यहाँ अमावस तक कार्तिक है. पूछ लीजिए किसी से."

वद्य पक्ष होता, त्यांचा अगहन म्हणजे मार्गशीर्ष लागला होता, आमचा नाही. ती बरोबर होती. मुलीला इतका आनंद झाला की तिने आईच्या खांद्यावर थाप मारली. "बघा! डॉक्टर साहब, मम्मी बिल्कुल सही बोल रही हैं, हमारा कैलेंडर अलग है." डॉक्टरांनी हात जोडले, सगळे हसले. त्यानंतर त्यांनी ते तीन शब्द विचारले. तिला एकही आठवला नाही. त्यांनी असे कुठले शब्द सांगितले होते हेच तिला आठवेना.

हे तिथे फक्त मी आणि डॉक्टरांनी ऐकलं, असं मला अजून वाटतं. घरी येईपर्यंत गोष्टीचा आकार ठरून गेला होता: डॉक्टर चुकला, मम्मीने त्याला गप्प केलं. मुलीने हे माझ्या बहिणीला सांगितलं, बहिणीने आणखी कुणाला. महिनाभर लोक फोन करून बायकोला विचारत होते, काय हो, डॉक्टरला पंचांग शिकवलंत म्हणे? ती खूश होऊन पुन्हा सांगायची.

"आणि ते तीन शब्द?" मी मुलीला म्हटलं.

"बाबा, टेन्शनमध्ये कुणाला आठवतात तीन शब्द? मलाही नाही आठवणार. आणि तुम्ही ना, थोडं पॉझिटिव्ह राहा. आई ऐकते."

आई ऐकत होती. म्हणाली, "त्यांना मी आजारीच हवी आहे. वाचायला एक नवा विषय मिळतो."

वरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली पुढची तपासणी राहून गेली. मी आठवण केली की दोघी एका सुरात म्हणायच्या, तो तर कार्तिकसुद्धा ओळखत नाही.

मग जानेवारी आला. दरवर्षी पुण्याहून कुणीतरी मराठी कॅलेंडर आणतं. तिच्या आजारपणात त्या वर्षी ते राहिलं, आणि स्वयंपाकघरात किराणा दुकानदाराचंच टांगलं गेलं. एका सकाळी ती म्हणाली, "अहो, आईंची तिथी आली. गुरुजींना मी फोन केलाय." मी मान हलवली. तिथीच्या बाबतीत तिला उलट विचारायचं नसतं, हे मी फार पूर्वी शिकलो होतो.

आमचे गुरुजी तरुण आहेत, स्कूटरवरून येतात आणि आल्याबरोबर मोबाइल बंद करून पायरीवर ठेवतात. त्यांचे वडील आमच्याकडे यायचे, ते गेल्यावर हे यायला लागले. बायको पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी. धाप लागत होती, मधे मधे स्टुलावर बसत होती, पण कुणाला हात लावू देत नव्हती. मी सोवळं नेसून पाटावर बसलो, बोटात दर्भाचं पवित्रक घातलं. गुरुजी संकल्प सांगायला लागले. संवत्सर, अयन, ऋतू. मग ते म्हणाले, "पौषमासे."

मी म्हणालो नाही.

"काका, म्हणा. पौषमासे, कृष्णपक्षे…"

"आज पौष आहे?"

"पौषच की. पौष वद्य अष्टमी."

माझी आई माघात गेली. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तेलात वडे सोडल्याचा आवाज येत होता. तिच्या डोक्यावरच्या त्या कॅलेंडरात आजच्या चौकोनात 'माघ कृष्ण ८' छापलेलं असणार, हे मला उठून न बघताही कळलं. तिने ते वाचलं होतं आणि तसंच धरलं होतं. मनातल्या मनात एक महिना मागे यायचं ती विसरली होती. ज्या चुकीवरून ती दुसऱ्यांच्या घरांना हसायची, नेमकी ती चूक.

गुरुजींना माझ्या चेहऱ्यावरून समजलं. ते हळूच म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. पण काकूंनी अष्टमीला या सांगितलं… काकूंना कोण महिना विचारतं?"

तेच तर. तिला कोणी महिना विचारत नव्हतं. ज्याने विचारला त्याला आम्ही सगळे हसलो होतो.

"काका, काय करू? थांबवू?"

आतून तिचा आवाज आला. "अहो, झालं का? पानं घेऊ?"

"चालू ठेवा," मी गुरुजींना म्हटलं. "पुढच्या महिन्यात पुन्हा या."

ते पुन्हा आले. खऱ्या माघ वद्य अष्टमीला. मी तिला सांगितलं, आज आईची तिथी, गुरुजी येणार आहेत, आणि मागच्या महिन्याचं तिला आठवतं का ते बघत उभा राहिलो. ती म्हणाली, "माहीत आहे मला. तुम्ही सांगणार!" आणि पुन्हा पहाटेपासून खीर, वडे, कढी. गुरुजींना वाढताना म्हणाली, "या वर्षी वडे चांगले झालेत. मागच्या वर्षी कडक होते, नाही?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मागच्या वर्षीचेही चांगले होते, काकू," ते म्हणाले आणि आणखी एक वाढून घेतला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून जी जागा आहे ती त्यांच्या पौरोहित्यामुळे नाही.

मुलीला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मतलब तो डॉक्टर…" आणि वाक्य तिथेच सोडलं.

पुढच्या वेळी छातीत पाणी झालं तेव्हा वॉर्डात एक डॉक्टरबाई होत्या, बहुधा शिकाऊ. त्यांना घाई नव्हती, किंवा असूनही त्यांनी ती दाखवली नाही. मी विचारलं, हे दोन आजार एकत्र कसे आले? त्या म्हणाल्या, दोन नाहीतच मुळी. जुन्या ब्लडप्रेशरने हृदयाच्या नळ्या खराब केल्या, तशाच मेंदूतल्या बारीक नळ्याही केल्या. त्यात हृदय दुबळं झालं की वर रक्त कमी पोचतं. मेंदू विसरायला लागतो, माणूस गोळ्या विसरतो, गोळ्या चुकल्या की हृदय आणखी दुबळं. मग मेंदू आणखी विसरतो. "एक ही बीमारी है, अंकल, दो मंज़िल पर," त्या म्हणाल्या. ते दोन मजले मी सुजलेल्या पायांच्या बायकोला घेऊन चढलो उतरलो होतो. एवढं एक वाक्य खालच्याला किंवा वरच्याला बोलता आलं असतं.

हे ऐकलं आणि मला एकच काम उरलं. त्या चक्रात माझ्या हातात येण्यासारखी एकच जागा होती, ती म्हणजे गोळी. ती तिच्या पोटात गेली पाहिजे, रोज, आणि दोनदा जाता कामा नये. पण माझ्या हातून औषध घ्यायला ती तयार नव्हती. दुधात मिसळून पाहिलं. तिने एक घोट घेऊन भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "लाज नाही वाटत? विष देताय?" मी ओरडलो. ती रडली. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, प्यार से समझाओ ना. दोन दिवस इथे येऊन प्यार से समझाव, म्हटलं. ती आली. दुसऱ्या दिवशी तीही ओरडली.

पूजा तोवर तीच करत होती, पण आता अर्ध्यातच उठून जायची. समई पेटलेली, पदर सुटलेला, भीती वाटायची. म्हणून मी पूजेला बसायला लागलो. मला यातलं फार येत नाही आणि माझा विश्वासही बेताचाच. पहिल्या दिवशी पूजा उरकून मी पळीने तीर्थ घेतलं आणि रीतीप्रमाणे तिच्याकडे वळलो. तिने काही न बोलता उजवा हात पुढे केला, तळव्याचा खळगा केला, डावा हात कोपराखाली धरला. लहानपणी शिकवतात तसा. मी तीर्थ घातलं. तिने ते प्यायलं, ओला हात डोक्यावरून फिरवला.

दुसऱ्या दिवशी मी तीर्थाच्या आधी त्या तळव्यावर गोळ्या ठेवल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तीर्थाबरोबर गिळून टाकल्या. देवापुढे हातावर जे पडतं त्याला नाही म्हणायचं नसतं, हे तिच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं, किंवा ते डोक्यात नव्हतंच कधी, हातातच होतं. संध्याकाळी दिवा लावल्यावर रात्रीच्या गोळ्या. अर्ध्या तासाने ती पुन्हा यायची, "अहो, मला तीर्थ नाही दिलं?" तेव्हा नुसतं पाणी. ही युक्ती मी डॉक्टरांना सांगितली तर खालचे म्हणाले, पाणी कम दीजिए. पळीभर पाणी!

वर्षभर हे चाललं. सूज उतरली, धाप कमी झाली. आठवण मात्र परत आली नाही. ती येईल असं मला कुणी म्हणालं नव्हतं, तरी मी आतून वाट पाहत होतो आणि म्हणून दिवसातून किती वेळा तरी चिडत होतो. तीच तीच गोष्ट, तोच प्रश्न. लोकांचे फोन यायचे, वहिनी, आमच्या नानांची तिथी? ती आत्मविश्वासाने काहीही सांगायची. मग मी मागाहून त्या घरी फोन करून दुरुस्ती करायचो. बरेच दिवस मी हे कुणाला कळू दिलं नाही.

शेवटी शेवटी पूजेला बसलेल्या मला ती गुरुजीच समजायला लागली. नीट पदर घेऊन समोर बसायची आणि म्हणायची, "गुरुजी, आज जेवूनच जा हं. लौकीची भाजी आहे."

"बरं."

"आमच्या यांना पूजा जमत नाही बघा. पुस्तक घेऊन बसतात नुसते. घरात काय चाललंय, काही पत्ता नाही."

जे आयुष्यभर मला तोंडावर ऐकवलं ते आता ती तिऱ्हाइताकडे तक्रार म्हणून सांगत होती. मी म्हणायचो, "सांगून बघा त्यांना." ती हात झटकायची. "छे! ऐकतात कुठे. चिडके आहेत. पण मनाने वाईट नाहीत."

आणि हात पुढे करायची.

गेल्या फाल्गुनात, रंगपंचमीच्या दोन दिवस आधी, सकाळी तिने तीर्थ घेतलं, गोळ्या गिळल्या आणि चहा मागितला. मी चहा घेऊन आलो तेव्हा ती खुर्चीत होती आणि गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय मुळातच फार थकलेलं होतं, गोळ्यांनी एक वर्ष मिळालं. मुलगी रडत रडत मला म्हणाली, "बाबा, शेवटच्या दिवशीपण घेतली होती ना गोळी?" मी म्हटलं, घेतली होती. एकदाच घेतली होती.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. गुरुजींनी आपणहून फोन केला आणि पहिल्यांदा महिना विचारला. मी सांगितलं, फाल्गुन वद्य तृतीया. इथल्या कॅलेंडरात त्या दिवशी चैत्र असेल, ते बघू नका. मुलीला वडे करायचे आहेत. ते तिच्याकडून कडक होणार.

स्वयंपाकघरात यंदा पुण्याहून मागवलेलं कॅलेंडर आहे. सकाळची पूजा मी करतो. मलाही आता ब्लडप्रेशरची एक गोळी लागली आहे. ती मी पळीशेजारी ठेवतो आणि तीर्थाबरोबर घेतो.